पूर्ण गटाचा बोनस आणि उत्तर कोकण : डावपेचांच्या खेळातील एका नियमाची चिकित्सा

सारांश

नकाशावर खेळल्या जाणाऱ्या डावपेचांच्या खेळांत संपूर्ण प्रदेशगट ताब्यात घेणाऱ्या खेळाडूस जादा सैन्य मिळते. या नियमास खेळाडू ‘बोनस’ म्हणतात. ‘रिस्क’ या प्रसिद्ध खेळातील हा नियम वसई मोहिमेच्या (१७३७–१७३९) नकाशाला लावला असता काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. बोनसचा नियम केवळ खेळाची सोय नसून सत्ता कशाने वाढते याविषयीचे ते एक विधान असते, आणि ‘सलग व संपूर्ण प्रदेश म्हणजे सामर्थ्य’ हे विधान उत्तर कोकणच्या इतिहासाशी जुळत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे. पर्यायादाखल तीन नियम सुचविले असून त्यांच्या मर्यादाही नोंदविल्या आहेत.

बीजशब्द : डावपेचांचे खेळ, बोनसचा नियम, रिस्क, वसई मोहीम, चौथाई, मोकासा, इतिहासाचे अध्यापन.

प्रस्तावना

खेळाच्या पटाकडे समीक्षेचा विषय म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. कादंबरी, नाटक, चित्रपट यांची चिकित्सा होते. पटावरचा खेळ मात्र मुलांच्या सुट्टीपुरता मानला जातो. वस्तुतः आपल्या परंपरेत मोक्षपटासारखा खेळ आहे, आणि त्यातील शिडी व साप हे पाप-पुण्याविषयीचे भाष्यच आहे. कोणत्या घरातून शिडी निघते आणि ती कोठे पोचते हे ठरविणारा मनुष्य एक मत मांडत असतो. फरक इतकाच, की ते मत वाक्यात नसून नियमात असते. म्हणून ते वादाविना स्वीकारले जाते.

प्रस्तुत लेखास निमित्त झाले ते एका घरगुती नकाशाचे. वसई पूर्वेकडील एव्हरशाईन सिटी ही रेल्वेमार्ग व तुंगारेश्वरचे डोंगर यांमधील सपाटीवर वसलेली अलीकडची वसाहत. वसईचा किल्ला रेल्वेच्या पश्चिमेस, खाडीच्या मुखाशी. येथील बहुसंख्य कुटुंबे गेल्या दोन-तीन दशकांत बाहेरून आलेली असल्यामुळे मुलांना किल्ला ठाऊक असतो तो सहलीचे ठिकाण म्हणून. येथील काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सुट्टीत ‘रिस्क’च्या धर्तीवर वसई मोहिमेचा नकाशा तयार केला आणि तो प्रस्तुत लेखकाकडे तपासण्यासाठी आणला. ठिकाणे बहुतांशी योग्य होती, रेखाटन नेटके होते; परंतु पहिल्याच फेरीत खेळ संपल्यासारखा झाला. दोष नकाशात नव्हता, बोनसच्या नियमात होता. त्या दोषाचा शोध घेताना जे प्रश्न पुढे आले ते इतिहासाच्या अध्यापनाशी निगडित असल्याने येथे मांडले आहेत.

मूळ नियम आणि त्याचे गणित

‘रिस्क’चा जनक आल्बेर लामोरिस हा फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक. १९५७ साली फ्रान्समध्ये ‘जगज्जय’ अशा अर्थाच्या नावाने हा खेळ निघाला आणि १९५९ साली अमेरिकेत तो ‘रिस्क’ या नावाने आला. पटावर ४२ प्रदेश असून ते सहा खंडांत विभागलेले आहेत. खेळाडूला प्रत्येक फेरीत त्याच्या प्रदेशांच्या एक-तृतीयांश, परंतु किमान ३, इतक्या सैन्यतुकड्या मिळतात. याखेरीज एखादा खंड संपूर्ण हाती असेल तर त्या खंडाचा बोनस मिळतो. खंडातील एक प्रदेश जरी गेला तरी बोनस शून्य होतो.

हे बोनस कसे ठरविले असावेत हे पाहण्यासाठी प्रत्येक खंडाचे प्रदेश, शत्रूला आत शिरता येईल असे सीमेवरील प्रदेश (यांना पुढे ‘दरवाजे’ म्हटले आहे) आणि बोनस एकत्र ठेवू :

ऑस्ट्रेलिया : ४ प्रदेश, १ दरवाजा, बोनस २
दक्षिण अमेरिका : ४ प्रदेश, २ दरवाजे, बोनस २
आफ्रिका : ६ प्रदेश, ३ दरवाजे, बोनस ३
उत्तर अमेरिका : ९ प्रदेश, ३ दरवाजे, बोनस ५
युरोप : ७ प्रदेश, ४ दरवाजे, बोनस ५
आशिया : १२ प्रदेश, ५ दरवाजे, बोनस ७

यावरून दिसते की बोनस क्षेत्रफळावर ठरविलेला नाही. ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांना प्रत्येक प्रदेशामागे अर्धी तुकडी मिळते. सात प्रदेशांच्या युरोपला मात्र नऊ प्रदेशांच्या उत्तर अमेरिकेइतकाच बोनस आहे, कारण त्याला राखण्यास चार दरवाजे आहेत. म्हणजे रचनाकाराने राखण्याची अडचण मोजलेली आहे. तरीही हिशेब पूर्ण जुळत नाही. दर दरवाजामागे ऑस्ट्रेलियाला २ तुकड्या पडतात, उत्तर अमेरिकेला सुमारे १.७, आशियाला १.४, युरोपला १.२५, तर आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांना केवळ १. मुरलेले खेळाडू प्रथम ऑस्ट्रेलियात का शिरतात याचे उत्तर या आकड्यांत आहे. ९ ते ११ प्रदेश असलेल्या खेळाडूला मुळात ३ तुकड्या मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या बोनसने त्या ५ होतात. म्हणजे उत्पन्न एकदम दोन-तृतीयांशाने वाढते.

फाशांचे गणितही याला पोषक आहे. आक्रमकाचे तीन व बचाव करणाऱ्याचे दोन फासे असताना बचाव करणाऱ्याचे दोन्ही मोहरे जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के, आक्रमकाचे दोन्ही जाण्याची सुमारे २९ टक्के आणि दोघांचा एकेक जाण्याची सुमारे ३४ टक्के असते. मोठ्या सैन्याने चढाई करणाऱ्यास थोडे का होईना, झुकते माप आहे. बोनसमुळे सैन्य वाढते, सैन्यामुळे प्रदेश, आणि प्रदेशांमुळे पुन्हा सैन्य. एकदा पुढे गेलेला खेळाडू सहसा मागे पडत नाही.

खेळ म्हणून या नियमाचे समर्थन करता येते. त्याने खेळाडूस विश्वविजयापूर्वीचे एक जवळचे उद्दिष्ट मिळते, कोठे थांबावे व कोठे पसरावे असा पेच निर्माण होतो आणि खेळ कधीतरी संपतो. ‘मोनॉपली’त एका रंगाच्या सर्व जागा हाती आल्यावर मोकळ्या जागेचे भाडे दुप्पट होते, त्यामागेही हाच विचार आहे. तथापि सर्वच खेळ असे नाहीत. १९५९ सालीच निघालेल्या ॲलन कॅलहॅमर यांच्या ‘डिप्लोमसी’ या खेळात ३४ रसदकेंद्रे असून प्रत्येक केंद्र स्वतंत्रपणे मोजले जाते; संपूर्ण गटाचे वेगळे बक्षीस तेथे नाही. म्हणजे पूर्ण गटाचा बोनस हा अशा खेळांचा अपरिहार्य धर्म नव्हे. ती एक निवड आहे, आणि निवड असल्यामुळे ती चिकित्सेस पात्र आहे.

वसईच्या नकाशावर तोच नियम

‘रिस्क’च्या पटावर संपूर्ण भारत हा आशियातील एक प्रदेश आहे, कोकणचा तेथे प्रश्नच येत नाही. विद्यार्थ्यांनी सिद्ध केलेल्या नकाशात २१ ठिकाणे होती. साष्टी गटात ठाणे, घोडबंदर, वांद्रे, वर्सोवा व धारावी (भाईंदरजवळची). वसई गटात वसईचा किल्ला, सोपारा, अर्नाळा, मांडवी व कामण. माहीम गटात केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू व अशेरी. घाटाखालच्या गटात कल्याण, भिवंडी, माहुली व जव्हार. मुंबई व दमण ही दोन सुटी ठिकाणे. पाच ठिकाणांच्या गटास ४ व चार ठिकाणांच्या गटास २ असा बोनस ठेवला होता. प्रारंभीची वाटणी चिठ्ठ्यांनी न करता १७३७ च्या सुमारास साजेशी केली होती : पोर्तुगीजांकडे दमणसह १६ ठिकाणे, मराठ्यांकडे ४ आणि इंग्रजांकडे मुंबई.

आता उत्पन्न मोजू. पोर्तुगीज खेळाडूस १६ ठिकाणांच्या ५ तुकड्या व तीन पूर्ण गटांच्या १२, अशा एकूण १७. मराठ्यांना किमान ३ व गटाचा बोनस २, असे ५. इंग्रजांना ३. पटावरच्या २५ नव्या तुकड्यांपैकी १७ एकट्या पोर्तुगीजांच्या. या नियमाप्रमाणे वसई मोहीम होऊच शकत नाही. झाली तर ती पहिल्या फेरीत कल्याणच्या पाडावाने संपते.

इतिहास याच्या नेमका उलट आहे. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि पुढे ती त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे बनली. किनाऱ्यावरचा पट्टा सलग होता, नकाशावर भरभक्कम दिसत होता. परंतु १७३७ पर्यंत हा प्रांत माणसे व पैसा या दोन्ही बाबतींत क्षीण झालेला होता. ठाण्याच्या नव्या किल्ल्याचे काम अपुरे असतानाच मराठ्यांनी तो घेतला. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी मोहिमेपूर्वी पेशव्यांशी संधान बांधले होते; त्यांची माहिती व मदत कोणत्याही ‘गटा’त मोजता येत नाही. सलग प्रदेश आणि सामर्थ्य यांचे समीकरण येथे पहिल्याच पावलावर मोडते.

हा नियम दुसऱ्या टोकालाही चुकतो. खेळात ठाणे पडताच साष्टीचा संपूर्ण बोनस जातो व पोर्तुगीजांचे उत्पन्न १७ वरून १३ होते. त्यापाठोपाठ अर्नाळा पडला की वसई गटाचाही बोनस जाऊन ते ८ वर येते. सोळांतील दोन ठिकाणे गेली आणि निम्म्याहून अधिक उत्पन्न गेले. प्रत्यक्षात ठाणे व अर्नाळा ही दोन्ही १७३७ साली मराठ्यांच्या हाती आली, तरी वसईचा किल्ला मे १७३९ पर्यंत टिकला. १७३९ च्या आरंभी माहीम, शिरगाव, तारापूर, अशेरी ही ठाणी पडली; तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव कामी आले. त्यानंतरही वसईस चिमाजी आप्पांना फेब्रुवारीपासून वेढा घालून बसावे लागले, सुरुंग लावावे लागले आणि मोठी प्राणहानी सोसावी लागली. १६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या अटी ठरल्या. भोवतालचा मुलूख जाऊनही किल्ला लढत राहिला, कारण त्याचे बळ भोवतालच्या मुलखात नव्हते; समुद्राच्या वाटेत होते.

बोनस येतो कोठून?

येथे मूळ प्रश्नाकडे यावे लागते. ‘रिस्क’च्या रचनेत सैन्य जमिनीतून उगवते. ज्याची जमीन पूर्ण, त्याचे पीक जास्त. वसई मोहिमेत मात्र दोन्ही पक्षांचे निर्णायक बळ पटाबाहेरून आले. मराठ्यांची कुमक घाटावरून उतरत होती; पोर्तुगीजांची गोव्याहून गलबतांनी येत होती. त्यामुळे मोहिमेचा वेग पटावरील ठिकाणांनी ठरला नाही. १७३७ च्या अखेरीस बाजीराव भोपाळकडे निजामाशी गुंतलेले असताना सर्व बळ वसईकडे वळविणे शक्य नव्हते. उलट जानेवारी १७३९ मध्ये व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्यातील मडगावच्या बाजूस चढाई केली, तेव्हा गोव्याला आपलेच घर सांभाळणे भाग पडले आणि वसईकडे मदत पाठविणे अवघड झाले. वसईचा पाडाव समजून घेण्यासाठी वसईपासून शेकडो कोस दूरच्या या दोन घटना पाहाव्या लागतात. पूर्ण गटाचा बोनस त्यांना पटावर जागाच देत नाही.

घाटावरची ही कुमक तरी कशावर पोसली जात होती? तिच्या मुळाशी असलेली चौथाईची पद्धत हाच मुळी एक बोनसचा नियम आहे, आणि त्याचा उगम आपल्या परिसरालगतचा आहे. दमणच्या परगण्यांतून पोर्तुगीज सरकार रामनगरच्या कोळी राजाला उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा देत असे. १६७२ साली शिवाजी महाराजांच्या सैन्याने जव्हार व रामनगर घेतल्यानंतर त्या राजाच्या जागी आपण आलो असे सांगून महाराजांनी पोर्तुगीजांकडे चौथाईची मागणी केली. ज्या जमिनीवर आपला ताबा नाही त्या जमिनीच्या उत्पन्नातील वाटा, हे या हक्काचे स्वरूप होते. पुढे १७१९ च्या बादशाही सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी शाहू महाराजांना मिळाली. चौथाई म्हणजे २५ टक्के, सरदेशमुखी १० टक्के. मोबदल्यात चौथाईसाठी १५,००० स्वार बादशहाच्या चाकरीस ठेवावयाचे व सरदेशमुखीसाठी मुलखाचा बंदोबस्त राखावयाचा होता.

या उत्पन्नाची अंतर्गत वाटणी आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. चौथाईतून २५ टक्के ‘बाबती’ म्हणून छत्रपतींकडे, ६ टक्के ‘साहोत्रा’ सचिवाकडे, ३ टक्के ‘नाडगौडा’ छत्रपतींच्या मर्जीने द्यावयाचा, आणि उरलेले ६६ टक्के ‘मोकासा’ म्हणून सरदारांकडे. हे हक्क सलग पट्ट्यांत दिलेले नव्हते. एकाच परगण्यात अनेकांचे वाटे आणि एकाच सरदाराचे वाटे अनेक परगण्यांत, अशी ती गुंफण होती. त्यामुळे कोणा एकाला आपला पट्टा तोडून स्वतंत्र होणे अवघड जावे, असा तिचा परिणाम होता. ‘रिस्क’चा नियम खेळाडूस सलगतेचे बक्षीस देतो, ही राज्यव्यवस्था सलगता टाळूनच उभी होती. तिचे दोषही उघड आहेत. हिशेबाची गुंतागुंत वाढली, वाट्यांवरून तंटे झाले आणि सरदारांना नव्या मुलखाकडे धावण्याचे प्रलोभन राहिले. परंतु गुण असोत वा दोष, ते वेगळ्या नियमाचे आहेत. परका नियम लावून ते दिसणार नाहीत.

एकच ठिकाण, तीन किमती

‘रिस्क’मधील आणखी एक गृहीतक येथे तपासावयास हवे. तेथे बोनस सर्व खेळाडूंना समान असतो. ऑस्ट्रेलिया कोणीही घेतला तरी २. समान संधीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. उत्तर कोकणात मात्र एकाच ठिकाणाची किंमत प्रत्येकाला निराळी होती.

इंग्रजांचे उदाहरण पाहू. १७३९ च्या मोहिमेत त्यांनी उघड युद्धात उडी घेतली नाही. वसई पडल्यानंतर जुलै १७३९ मध्ये कॅप्टन इंचबर्ड याने चिमाजी आप्पांशी तह केला आणि कंपनीला पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळविली. पटावर एकही ठिकाण न जिंकता झालेला हा लाभ आहे. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेऊन साष्टी हस्तगत केली. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला तेव्हा वसई परत दिली, पण साष्टी ठेवून घेतली. ज्या किल्ल्यासाठी मराठ्यांनी १७३९ साली एवढे रक्त सांडले तो इंग्रजांच्या लेखी परत देण्याजोगा होता, कारण मुंबईचा दरवाजा साष्टी होता, वसई नव्हे. पोर्तुगीजांना वसई म्हणजे प्रांताची राजधानी, मराठ्यांना कोकण किनाऱ्यावरील परकीय सत्तेचा कणा, आणि इंग्रजांना वाटाघाटीतील एक वस्तू. या तीन किमतींना एकच आकडा लावला की तिघांचेही वर्तन अनाकलनीय ठरते.

पर्यायी नियम

केवळ दोषदिग्दर्शन करून थांबणे उचित नाही. त्याच नकाशासाठी पुढील तीन नियम करून पाहिले.

पहिला, दरवाजाचा नियम. पूर्ण गटाचा बोनस रद्द करावा. दर चार ठिकाणांमागे १ तुकडी द्यावी, अपूर्णांक सोडावा, किमान ३ ची अटही काढावी. त्याऐवजी खाडी किंवा घाटाची वाट अडविणाऱ्या ठाणे, वसई, अर्नाळा व कल्याण या चार ठिकाणांना प्रत्येकी १ तुकडी द्यावी.

दुसरा, कुमकेचा नियम. मराठ्यांना घाटावरून दर फेरीस ८ तुकड्या मिळाव्यात. परंतु त्या केवळ घाटाखालच्या गटात उतरतील, आणि फेरीच्या आरंभी फाशावर १ पडल्यास ‘फौज अन्यत्र गुंतली’ असे समजून त्या येणार नाहीत. पोर्तुगीजांना गोव्याहून ३ तुकड्या मिळाव्यात, त्या फक्त वसईच्या किल्ल्यात उतरतील. मराठा खेळाडूने आपल्या ३ तुकड्या खर्ची घातल्यास त्या फेरीपुरती गोव्याची कुमक थांबेल. इंग्रजांना समुद्रमार्गे ३.

या दोन नियमांनी पोर्तुगीजांचे प्रारंभीचे उत्पन्न ४ + ३ + ३ = १० होते आणि मराठ्यांचे १ + १ + ८ = १०. सोळा ठिकाणे विरुद्ध चार अशी स्थिती असूनही तोल साधतो. ठाणे पडल्यावर मराठे ११ व पोर्तुगीज ८. अर्नाळाही गेल्यावर १२ व ७. घसरण होते, पण कोसळणे नाही. गोव्याची कुमक वसईतच उतरत असल्याने शेवटचा किल्ला दीर्घकाळ टिकतो आणि वेढा घालणाऱ्यास गोव्याच्या वाटेचा विचार करावा लागतो. मोहिमेचा हा आकार कोणी पाठ करून घेत नाही. तो खेळता खेळता कळतो.

तिसरा, चौथाईचा नियम. ज्याची ठिकाणे आपल्याहून अधिक आहेत अशा खेळाडूच्या एखाद्या ठिकाणाला लागून आपले त्याच्या दुप्पट सैन्य उभे असेल, तर चौथाई मागता येईल. समोरच्याने त्या फेरीच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा, अपूर्णांक सोडून, द्यावा. मग मागणाऱ्याने आपल्या पुढील फेरीपर्यंत त्या ठिकाणावर हल्ला करावयाचा नाही. नकार दिल्यास लढाई. पोर्तुगीजांचे उत्पन्न ८ असताना २ तुकड्या दिल्या की ८ विरुद्ध ११ हा फरक ६ विरुद्ध १३ असा होतो. म्हणजे तीनचा फरक सातवर जातो. देणाऱ्याला शांतता मिळते, पण तिची किंमत दुहेरी असते. विद्यार्थ्यांमध्ये सर्वाधिक वाद याच नियमावर झाले. तुकड्या सुट्या मोजाव्या लागत असल्याने सरदेशमुखीचा १० टक्के हिशेब मात्र बसेना. तो सोडून द्यावा लागला.

या तिसऱ्या नियमात एक तडजोड आहे, ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘आपल्याहून मोठ्याकडूनच चौथाई’ ही अट इतिहासाची नाही, खेळाची आहे. मराठ्यांनी दुबळ्यांकडूनही चौथाई घेतली. ती अट काढली तर पुढे असलेला खेळाडू दुबळ्यांना शोषून अधिकच पुढे जातो आणि ‘रिस्क’चा मूळ दोष वेगळ्या वाटेने परत येतो. खेळ रंजक राहावा आणि इतिहास खरा राहावा, या दोन मागण्या येथे एकमेकींच्या आड येतात. अशा वेळी नियमात तडजोड करावी, पण ती तडजोड आहे हे अध्यापकाने वर्गात स्पष्ट सांगावे. न सांगितलेली तडजोड हीच पुढे इतिहास म्हणून रूढ होते.

नकाशावर न दिसणारी माणसे

या चिकित्सेचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. वसई परिसरातील वर्गात ख्रिस्ती व हिंदू, कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी अशा घरांतील विद्यार्थी बाहेरून आलेल्या कुटुंबांतील मुलांशेजारी बसतात. दोन रंगांचा नकाशा आणि ‘सगळा गट आपल्या रंगाचा झाला की बक्षीस’ हा नियम या मुलांसमोर ठेवला, तर वसई मोहीम दोन धर्मांची झुंज म्हणून मनात ठसण्यास वेळ लागत नाही. पोर्तुगीज राजवटीतील धार्मिक जुलूम ही सत्य घटना आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. परंतु तेवढेच सत्य नव्हे. पोर्तुगीज सरकार कोळी राजाला हिस्सा देत होते. ख्रिस्ती इंग्रज ख्रिस्ती पोर्तुगीजांच्या बाजूने रणात उतरले नाहीत. आणि १७३९ च्या शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मुभा मान्य करण्यात आली. विजेत्याने पट एका रंगाचा करण्याचा आग्रह धरला नाही, ही गोष्ट पूर्ण गटाच्या बोनसमध्ये बसत नाही. आजची वसई मात्र तिच्यामुळेच समजते.

चौथाई, कुमक आणि दरवाजे यांचे नियम लावले असता खेळाडूंना हितसंबंधांच्या भाषेत विचार करावा लागतो : कोण कोणाला काय देतो, कशाच्या बदल्यात, आणि कोणाची वाट कोणाच्या हाती आहे. अर्थात या नियमांतही माणसे दिसत नाहीत, तुकड्या दिसतात. गंगाजी नाईकांसारख्यांच्या माहितीला, खाडी ओळखणाऱ्या तांडेलाला, वेढ्यात उपाशी राहिलेल्यांना कोणता आकडा द्यावा, याचे उत्तर प्रस्तुत लेखकास सापडलेले नाही. त्यासाठी चौथा, पाचवा नियम वाढविता आला असता. परंतु नियम अर्ध्या पानाबाहेर गेले की खेळ खेळला जात नाही. जे नियमात मावत नाही ते अध्यापकाने बोलावे, एवढी कामाची वाटणी मान्य करावी लागते.

निष्कर्ष

१. पूर्ण गटाचा बोनस हा खेळाच्या दृष्टीने उपयुक्त नियम असला तरी तो तटस्थ नाही. सलग व संपूर्ण ताबा म्हणजे सामर्थ्य, हे मत त्यात गृहीत आहे.

२. उत्तर कोकणच्या इतिहासात सामर्थ्य सलग प्रदेशापेक्षा खाड्यांच्या व घाटांच्या वाटा, पटाबाहेरची कुमक आणि दुसऱ्याच्या उत्पन्नातील वाटा यांवर अधिक अवलंबून होते. मराठी राज्यव्यवस्थेने तर मोकाशांच्या वाटणीत सलगता टाळली.

३. एखाद्या ठिकाणाची किंमत सर्व पक्षांना समान असते हे गृहीतक वसई व साष्टीच्या बाबतीत टिकत नाही. वर सुचविलेल्या नियमांतही दरवाजांचा बोनस सर्वांना समानच ठेवला आहे. पक्षागणिक वेगळा दर ठेवण्याचा प्रयोग अद्याप व्हावयाचा आहे.

४. स्थानिक इतिहासावर खेळ रचताना नकाशा स्थानिक व नियम परका, अशी विभागणी करू नये. नकाशावर अर्नाळा आणि मांडवी लिहिल्याने खेळ वसईचा होत नाही. तो वसईचा होतो नियमांनी.

अध्यापकांना एक सूचना करावीशी वाटते. विद्यार्थ्यांना तयार नियम देण्याऐवजी कोरा नकाशा द्यावा आणि ‘येथे जादा सैन्य कोणाला, किती व का मिळावे?’ एवढाच प्रश्न विचारावा. प्रत्येक आकड्यासाठी कारण मागावे. त्या कारणांच्या शोधात विद्यार्थी तहांच्या अटींपर्यंत, महसुलाच्या हिशेबांपर्यंत आणि खाडीच्या भरती-ओहोटीपर्यंत जातो. एव्हरशाईन सिटीतील तो पहिला नकाशा फसला, हे त्या दृष्टीने बरेच झाले. तो यशस्वी झाला असता, तर १७ विरुद्ध ५ हा आकडा कोणीच पुन्हा तपासला नसता.